चवदार तळ्याचा खटला आणि आजचे न्यायालय
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तळवड्यापासून देहूरोड काही लांब नाही. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. लेकराबाळांना घेऊन आपण तिथे जातो. याच तारखेला, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले हेही आपल्याला पाठ आहे. पण त्या डिसेंबरात लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले का? नाही प्याले. का नाही प्याले, ते आज सांगतो.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब आपल्या माणसांसह तळ्याचे पाणी प्याले. तेव्हा महाडच्या सनातन्यांनी १२ डिसेंबरला बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. तरी बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम मोडू दिला नाही. सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कोर्टात नेली. १९३१ साली महाडच्या कोर्टात आपण जिंकलो. १९३३ ला ठाण्याच्या कोर्टात जिंकलो. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात जिंकलो. एका ओंजळभर पाण्यासाठी सव्वानऊ वर्षे!

पण बंधूंनो, आपण जिंकलो ते कशावर, हे नीट ऐका. माणूस म्हणून सगळे समान आहेत, असे म्हणून हायकोर्टाने निकाल दिला नाही. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे सनातन्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. समजा, त्यांनी जुने कागद आणून ते सिद्ध केले असते तर? तेव्हाच्या कायद्यात कोर्टाचे हात बांधलेले होते. त्याच १९३७ साली दिल्लीला फेडरल कोर्ट सुरू झाले. पण ते मुख्यतः प्रांतांचे आपसातले तंटे आणि १९३५ च्या कायद्याचा अर्थ यांपुरते होते. गरिबाला हक्कासाठी थेट तिथे जायची सोय नव्हती. शेवटचे अपील तर लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे!

हे सगळे अनुभवलेला माणूस पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. आता संविधान बघा. कलम १३ सांगते, मूलभूत हक्काच्या आड येणारा कायदा रद्द, आणि कायद्यात रूढीसुद्धा धरली आहे. कलम १५ मध्ये विहिरी आणि तलाव ही नावे घेऊन लिहिले आहे. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. म्हणजे रूढी हजार वर्षांची असली तरी आता कोर्ट तिचे वय विचारत नाही, ती संविधानात बसते का, एवढेच विचारते.

आणि दाद मागायची कुठे? अमेरिकेत संघराज्याची कोर्टे वेगळी, राज्यांची वेगळी. आपल्याकडे शिडी एकच. खालचे कोर्ट, पुण्याचे जिल्हा न्यायालय, मुंबईचे उच्च न्यायालय, दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. राज्याराज्यांतले तंटेही सर्वोच्च न्यायालय ऐकते. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली तिथेच दाखल केला. पण सरकारने हक्क मोडला तर साधा माणूसही कलम २२६ खाली उच्च न्यायालयात आणि कलम ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. या कलम ३२ लाच बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत संविधानाचा आत्मा म्हटले.

तुम्ही म्हणाल, "साहेब, कोर्टाची पायरी शहाण्याने चढू नये. वकिलाला पैसे कुठून आणायचे?" १९८७ च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, मूल आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत राबणाऱ्या आपल्या घरांत यातले कोण नाही? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. पगार थकला, घरात मारहाण झाली, जातीवरून अपमान झाला, तर गप्प बसू नका. कागद जपून ठेवा, तारखेला हजर राहा. उशीर लागेल. महाडलाही लागला होता.

या विहारात आपण रोज पंचशील म्हणतो. त्याच्या जोडीला महिन्यातून एक रविवार संविधानाचे एक कलम वाचू या, एवढी विनंती करून माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!