दिवा लुकलुकतो तेव्हा



आपल्या शिरूरला रेल्वे नाही. दौंडला मोठे जंक्शन आहे. तिथे पाहा. गाडी आली म्हणून एकदम फलाटात शिरत नाही. आधी सिग्नल मिळावा लागतो.

वाय-फायच्या पेटीचेही तसेच, बरं का! मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेलने जानेवारी 2016 मध्ये ही सोय चालू केली. पुढे ती हजारो स्थानकांवर गेली. जिथे पेट्या पुष्कळ, तिथे त्यांचा कारभार बहुधा एक मुख्य यंत्र पाहते.

नवी पेटी जागी झाली की आधी स्वतःसाठी पत्ता मागते. मग मुख्य यंत्र शोधते. दोघे एकमेकांचे दाखले तपासतात. दाखला खोटा, तर प्रवेश नाही! पेटीची आज्ञावली जुनी असली, तर नवी मिळते. मग पेटी पुन्हा सुरू होते, पुन्हा हजेरी देते. शेवटी तिला तिचे काम नेमून मिळते. तेव्हा कुठे ती लोकांना नेट देते.

याला काही मिनिटे लागतात. आम्ही मात्र एकदा घाई केली. शाळेत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. आईबाप ताटकळले होते. पेटीचा दिवा नुसता लुकलुकत होता. आम्ही चार वेळा बटण बंद केले, चालू केले. दर वेळी पेटीचा धडा पहिल्यापासून!

शेवटी एक विद्यार्थिनी म्हणाली, “गुरुजी, तिला जरा शिकू द्या की!”

आम्ही हात मागे घेतला. थोड्या वेळाने दिवा स्थिर झाला. संध्याकाळपर्यंत सगळे अर्ज गेले.