एकटा जीव, सोबतीचा संघ
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मनुष्य धर्मसमाजाकडे का ओढला जातो? संकटात ईश्वर धावून येईल या आशेने, असे उत्तर सहसा दिले जाते. जैन दर्शनाने असे आश्वासन कधीच दिलेले नाही. येथे जगाचा कर्ता ईश्वर मानलेला नाही. बारा भावनांपैकी एकत्व भावना तर जीव आपले कर्मफळ एकटाच भोगतो, याचे नित्य चिंतन करावयास सांगते. मग अशा कठोर सत्याच्या सान्निध्यात माणसे शतकानुशतके एकत्र का जमतात?

याचे उत्तर ‘तीर्थंकर’ या शब्दातच आहे. तीर्थ म्हणजे नदी उतरून जाण्याचा घाट. मुनी, आर्यिका, श्रावक व श्राविका यांच्या चतुर्विध संघालाही आपल्या परंपरेत तीर्थ म्हणतात. नदी ज्याची त्यानेच पार करावयाची असते. घाटावर मात्र सोबत लाभते.

माझे वडील निवर्तले तेव्हा मी हे अनुभवले. एक वृद्ध श्रावक पहाटे दारात येऊन एवढेच म्हणाले, “चला, अभिषेकाची वेळ झाली.” पुढे कित्येक दिवस ते येत राहिले. दुःख होते तेवढेच राहिले. पण माझ्या दिवसाला पुन्हा आरंभ मिळाला.

परंतु बंधुहो, ज्या घरात ऊब मिळते त्याच घराचे दार कधी कधी बंदही होते. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर त्यांनी शुद्धीचे स्नान नाकारले आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता येईल असे वसतिगृह काढले. ज्याला दार बंद झाले, त्याने सर्वांसाठी दार उघडले!

क्षमावाणीच्या दिवशी आपण परस्परांची क्षमा मागतो. पण बहुधा जे समोर असतात, त्यांचीच. आपल्या बोलण्याने दुखावून जे मंदिरात यावयाचे थांबले, त्यांच्या उंबरठ्यावर यंदा आपण स्वतः जाऊ या. पन्नास वर्षांत किती आले याची नोंद या स्मरणिकेत आहेच. कोण येईनासे झाले, ती नोंद आपल्या अंतःकरणात असू द्यावी.

जय जिनेंद्र!