सशाची जखम आणि लेसरचा किरण

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीच्या दाट रानाचा मुलूख. तेथील नंदिगड्डे गावी एखाद्या घरात मुलांनी पांढरा ससा पाळला आहे आणि भर पावसाळ्यात पिंजऱ्याच्या तारेने त्याच्या पायाला जखम झाली आहे, असे समजा. चार दिवसांत जखम सुजते आणि ससा गवताला तोंड लावीनासा होतो. शहरात हल्ली अशा जखमा लेसरने बऱ्या करतात, असे कोणी सांगते. या सांगण्यात तथ्य किती, आणि सशाचे प्राण खरोखर कशाने वाचतील, हे पाहणे अगत्याचे आहे.

पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत १९६० साली माणकाच्या कांडीपासून सिद्ध केला. १९६४ साली चंद्रकुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर तयार केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे, ही महाराष्ट्राला भूषणावह गोष्ट होय. त्यांच्या किरणाचा उपयोग शस्त्रवैद्य सुरीप्रमाणे करतात. जखम भरून आणण्यासाठी वापरतात तो लेसर निराळा आणि सौम्य. बुडापेस्टचे डॉ. एंद्रे मेस्टर यांनी १९६७ साली केस काढलेल्या उंदरांवर असा किरण सोडला, तेव्हा त्या जागी केस लवकर उगवले. पुढे त्यांनी हाच प्रयोग जखमांवर केला.

तांबडा किंवा त्याच्या पलीकडचा अदृश्य प्रकाश पेशींतील ऊर्जाकेंद्रांत शोषला जातो. त्यामुळे पेशींचे काम वाढते, सूज व वेदना उतरण्यास मदत होते, असे मानतात. मात्र मात्रा चुकली तर गुण येत नाही. प्रकाश अतिरेकाने दिल्यास उलट परिणामही होतो. सशांवरील अनुभव अजून थोडा आहे. शिवाय दाट केस प्रकाश अडवितात, म्हणून ते आधी कापावे लागतात. आणि सशाची कातडी इतकी नाजूक असते की कात्री जपून चालवावी लागते. डोळ्यांची काळजी तर अवश्य घ्यावी. लेसरच्या झोताने सशाच्या डोळ्याचा पडदा भाजतो, हे १९६१ सालीच प्रयोगाने दिसून आले होते. गाठ कर्करोगाची असल्याचा संशय असेल, तर तेथे हा किरण सोडीत नाहीत.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, या सौम्य किरणाच्या भरवशावर जखमेतील जंतू मरत नाहीत. सशाचा पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो. तो आपोआप वाहून जात नाही. भोवती जाड वेष्टन धरून आत साचून राहतो. म्हणून पुष्कळदा डॉक्टरांना वेष्टनासह ती गाठच काढावी लागते. पू आत ठेवून वरून किरण सोडणे म्हणजे आत कुजलेल्या भिंतीला वरून चुना लावणे होय.

औषधाच्या बाबतीतही धोका आहे. माणसाची पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनची गोळी अर्धी करून सशाला चारू नये. तिने त्याच्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात आणि ससा दगावू शकतो. औषध कोणते द्यावे, ते पशुवैद्यच ठरवील.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळवून जखम हळुवार धुवावी. फिनेल, तंबाखू, राख यांपैकी काहीही लावू नये. पिंजरा कोरडा ठेवावा, तळाशी तारेऐवजी सुके गवत पसरावे, वर मच्छरदाणीचे कापड टाकावे. कारण पावसाळ्यात माशा जखमेत अंडी घालतात आणि एका दिवसात किडे पडतात. किडे दिसले, किंवा सशाने बारा तास काही खाल्ले नाही व लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ससा वेदना लपवितो. तो केवळ गप्प बसला आहे, एवढ्याने निश्चिंत होऊ नये.

रानात जखमी ससा सापडला, तर तो घरी पाळण्यासाठी आणू नये. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, वनखात्याला कळवावे.

तेव्हा नंदिगड्ड्याच्या त्या घराने लेसर गावात नाही म्हणून हताश होऊ नये. आधी पू काढणे, योग्य औषध, पोटात अन्न आणि कोरडी जागा. एवढे साधले की ससा बहुधा वाचतो. त्यानंतर शहरातील दवाखान्यात किरणांची सोय असली, तर तिचा लाभ अवश्य घ्यावा.