अफूची सवय आणि शस्त्रक्रियेची वेदना

माळव्याच्या काळ्या जमिनीचे आणि अफूचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात येथील अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे. आजही मंदसौर आणि नीमच या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने अफूचे पीक निघते. नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी द्रव्ये काढली जातात. जो चीक माणसाला व्यसनात लोटतो, त्याच्याच पोटी शस्त्रवैद्याचे मॉर्फिन जन्मते.

या दोन रूपांची गाठ रुग्णालयात पडते. त्या भागातील एखादा वृद्ध मांडीचे हाड मोडून भोपाळच्या रुग्णालयात येतो, असे समजा. वीस वर्षे तो रोज अफूची गोळी घेत आहे. परंतु लाजेपोटी तो वा त्याचे मुलगे तसे सांगत नाहीत. शस्त्रक्रिया पार पडते, पण नेहमीच्या मात्रेने वेदना शमत नाही. दुसऱ्या दिवशी जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, घाम, पोटात मुरडा सुरू होतो. पाहणाऱ्यांना म्हातारा कांगावखोर वाटतो. वस्तुतः तो दुहेरी यातना भोगीत असतो.

याचे कारण शरीरधर्मात आहे. मॉर्फिन मज्जासंस्थेतील ठरावीक स्थानांवर बसून वेदनेचा निरोप अडविते. ती स्थाने रोजच व्यापलेली राहिली, की शरीर तदनुरूप बदलते आणि तीच मात्रा अपुरी पडू लागते. कर्करोगासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉर्फिन घेणाऱ्याचीही हीच स्थिती होते. तेव्हा हा प्रश्न शीलाचा नव्हे.

यावर उपाय आहेत. रोजच्या सवयीइतके औषध हिशेबाने चालूच ठेवावे लागते आणि शस्त्रक्रियेच्या वेदनेचा उपाय त्यावर वेगळा करावा लागतो. त्या भागाच्या मज्जातंतूंना बधिर करणे, पॅरासिटामॉल, अल्प मात्रेतील केटामाइन यांच्या साहाय्याने मॉर्फिनची गरज कमी होते. पेंटाझोसिन मात्र अशा रुग्णास दिल्यास उलट त्रास उसळतो. मात्रा वाढली, की श्वासावर सतत लक्ष हवे; सवय झालेल्याचाही श्वास मंदावू शकतो. म्हणूनच नातलगांनी चोरून दिलेली गोळी घातक ठरते. डॉक्टरांच्या हिशेबात ती नसते.

शस्त्रक्रियेचा दिवस हा व्यसन सोडविण्याचा मुहूर्त नव्हे. ते कार्य पुढे, रुग्णाच्या संमतीने व्हावे. ज्याने काही आठवडे अफू सोडली, त्याने पुन्हा पूर्वीइतकी मात्रा घेतल्यास प्राणावर बेतते, हेही घरच्यांनी जाणावे.

१९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिन मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णांसाठी ती वाट सुकर केली. परंतु औषध कपाटात असूनही रुग्णाचे मौन ते निष्फळ करू शकते. ‘काय घेता, किती आणि केव्हापासून?’ हा डॉक्टरांचा प्रश्न कोतवालाचा नव्हे. त्याचे खरे उत्तर हाच वेदनाशमनाचा पहिला उपचार होय.