लंगडणारें मूल

मूल लंगडूं लागलें, कीं घरांत प्रथम उद्गार निघतो, 'कोठें तरी पडलें असेल.' पोट फुगलें, तर जंतांचें औषध आणतात. तोंड फिकें पडलें, तर टॉनिकाची बाटली. बहुधा हे तर्क खरेही ठरतात. परंतु क्वचित् या सर्व तक्रारींच्या मुळाशीं एकच शत्रु दडलेला असतो. त्याचें नांव न्यूरोब्लास्टोमा.

हृदयाचे ठोके, रक्ताचा दाब इत्यादि व्यापार आपल्या इच्छेवांचून चालविणारे जे मज्जातंतु आहेत, त्यांच्या अपक्व पेशींपासून हा कर्करोग उद्भवतो. मूत्रपिंडावरील ग्रंथि हें त्याचें नेहमींचें ठाणें. बहुतेक रुग्ण पांच वर्षांच्या आंतील असतात. जेम्स होमर राइट यांनीं १९१० सालीं त्याला हें नांव दिलें.

कित्येकदां न्हाऊं घालतांना आईच्या हाताला पोटांत टणक गांठ लागते. ती पुनःपुन्हां दाबून पाहूं नये. मुलाला त्वरित डॉक्टरांकडे न्यावें. मार न लागतां डोळ्यांभोंवतीं काळेंनिळें होणें, हाडें दुखून रात्रीं रडणें, रेंगाळणारा ताप, हीं इतर चिन्हें. एकेक चिन्ह फसवें असतें. दोन-तीन एकत्र आलीं, किंवा साध्या उपचारानें हटलीं नाहींत, तर पुढील तपासणी अवश्य करावी. पाय लुळे पडले वा लघवी अडली, तर एक दिवसही दवडूं नये.

निदान केवळ तर्कानें होत नाहीं. सोनोग्राफीनें गांठीची जागा कळते. या पेशी जीं द्रव्यें निर्माण करितात, त्यांचे अवशेष लघवींत सांपडतात. शेवटीं गांठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं तपासतात आणि रोग पसरला आहे काय, हें हाडांतील मगज काढून पाहतात.

मग सर्वच बालकांची लघवी कां तपासूं नये? जपाननें १९८० च्या दशकांत तसें केलें. पुष्कळ गांठी सांपडल्या. परंतु त्यांतील कित्येक आपोआप विरून जाणाऱ्या होत्या, आणि उगाच शस्त्रक्रियेचें संकट मात्र ओढवलें. २००३ सालीं तेथील सरकारनें ती योजना थांबविण्याचें ठरविलें.

तेव्हां श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: धडधाकट मुलामागें चांचण्यांचा ससेमिरा नको, परंतु आजारी मुलाची तक्रार पुनःपुन्हां येऊं लागली, तर ती 'लाडिकपणा' म्हणून झिडकारूं नये. लहान मुलाला दुखणें सांगतां येत नाहीं. तें घरांतील मोठ्यांनींच ओळखावयाचें असतें.