निवाऱ्याचे अनुदान : मेहेरबानी की देणे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहरातील बेघरांसाठी झटणाऱ्या सेवाभावी संस्थांना सरकारने अनुदान द्यावे काय, असा प्रश्न आपण चर्चेला घेतला आहे. द्यावे, हे माझे उत्तर आरंभीच सांगून टाकतो. कारण खरा वाद त्याच्या पुढे आहे. हे अनुदान म्हणजे सरकारने एखाद्या संस्थेवर केलेली मेहेरबानी, की सरकारचे स्वतःचे काम दुसऱ्याने केल्याबद्दल चुकते करावयाचे देणे?

२०११ च्या जनगणनेने देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. ही शिरगणती एका रात्रीत उरकलेली. पुलाखाली वा दुकानाच्या फळीवर झोपणारा माणूस पोलिसाची चाहूल लागताच उठून जातो; तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असणार. आणि ही सारी माणसे भीक मागणारी नव्हेत. हातगाडी ओढणारे, लग्नकार्यात वाढपी म्हणून राबणारे, नाक्यावर रोजंदारीची वाट पाहणारे असे कितीतरी कामकरी त्यांत आहेत. आपल्या राज्यात मात्र १९५९ चा भीकप्रतिबंधक कायदा उभा आहे, आणि त्याच्या जाळ्यात हेही सापडतात.

दिल्लीत ऐन थंडीत एक तात्पुरता निवारा पाडला गेला, तेव्हा अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला. दर लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा, चोवीस तास उघडा, असे प्रमाण त्यातून ठरले. २०११ ची लोकसंख्या धरली तर एकट्या मुंबईला सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. मुंबई त्या संख्येच्या जवळपासही पोहोचलेली नाही.

२०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आले आणि निवारे बांधणे व चालविणे यांसाठी केंद्राचा पैसा उपलब्ध झाला. चालविण्याचे काम बहुतांशी संस्थांकडे गेले. आता त्याचा हिशेब पाहा. मूळ सूचनांप्रमाणे पन्नास माणसांच्या निवाऱ्यास वर्षाला सहा लाख रुपये, आणि त्यात एक व्यवस्थापक व तीन पाळ्यांचे तीन काळजीवाहक. चौघांना महिना केवळ बारा हजार दिले, तरी पावणेसहा लाख रुपये तेथेच संपतात. उरलेल्या चोवीस हजारांत पन्नास माणसांचे पाणी, वीज, साबण, अंथरूण-पांघरूण आणि शौचालयाची सफाई वर्षभर कशी भागवावी? रहिवाशाकडून त्याच्या मिळकतीचा दहावा ते विसावा हिस्सा घेण्याची मुभा आहे खरी. पण ज्याची मिळकतच अनिश्चित, त्याच्या विसाव्या हिश्शावर कोणते अंदाजपत्रक उभे राहणार? म्हणून संस्था मार्ग काढते. काळजीवाहकाला किमान वेतनापेक्षा कमी देते. म्हणजे बेघरांच्या सेवेचा भार शेवटी दुसऱ्या गरिबाच्या पगारातून वसूल होतो.

त्यातही हप्ते ठिकठिकाणी महिनोन्महिने रखडतात. अर्थशास्त्राच्या भाषेत हे संस्थेने सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज आहे. ज्यांच्यापाशी देणगीदार आहेत ते तग धरतात. वस्तीतून उभी राहिलेली लहान, प्रामाणिक संस्था मोडते. आणि पैसा नसतो म्हणून हप्ता अडतो असेही नाही. न्यायालयाने २०१६ साली नेमलेल्या न्यायमूर्ती कैलाश गंभीर समितीच्या पाहणीतून हेच दिसले, की निधी पडून आहे आणि माणूस पदपथावर आहे.

काही मित्र म्हणतील, सरकारचा पैसा घेऊच नये. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ उभी केली, तसे स्वबळावर करावे. त्या प्रयोगाविषयी मला नितांत आदर आहे. पण तेथे जेवणारा भाकरीची किंमत देऊ शकतो. शहरातल्या जमिनीची किंमत पदपथावरचा माणूस कोठून देणार? जमीन हा प्रश्न स्वबळाच्या पलीकडचा आहे.

मला अधिक चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. अनुदानावर जगणारी संस्था हळूहळू अबोल होते. पदपथ साफ करण्याची मोहीम निघते, माणसांची गाठोडी कचऱ्याच्या गाडीत जातात, आणि निषेधाच्या पत्रकावर सही करताना संस्थेच्या चिटणीसाचा हात थांबतो. पुढचा करार त्याच कचेरीतून व्हायचा असतो. त्याला मी दोष देत नाही. त्याच्या निवाऱ्यात पन्नास माणसे झोपलेली आहेत.

२०२५ च्या फेब्रुवारीत बेघरांच्याच खटल्याच्या सुनावणीत फुकट मिळणाऱ्या गोष्टींमुळे लोक आळशी होतात, अशा अर्थाचे उद्गार सर्वोच्च न्यायालयात निघाले. २०१० च्या न्यायालयाने ज्याला हक्क म्हटले, त्याच्यासंबंधीची ही भाषा! अभियानाची मुदतही २०२४ मध्ये संपली आहे. पण योजना संपली म्हणून न्यायालयाने घातलेले बंधन संपत नाही.

तेव्हा आपली मागणी नेमकी असावी. इमारत आणि जागा नगरपालिकेची. कर्मचाऱ्यांचे किमान वेतन अनुदानात वेगळे धरलेले. हप्ता तिमाहीच्या आरंभी, आगाऊ. कमीत कमी दराच्या निविदेवर संस्था निवडणे बंद. आणि हिशेब तपासणाऱ्या समितीत निवाऱ्यात राहणाऱ्यांना जागा. तोवर प्रत्येक शाखेने एवढे तरी करावे : आपल्या शहरात किती निवारे हवेत, किती आहेत, आणि ते चालविणाऱ्या संस्थेला शेवटचा हप्ता कोणत्या तारखेस मिळाला, हे माहितीच्या अधिकारात नगरपालिकेला लेखी विचारावे. अर्ज संस्थेच्या नावे नको, आपल्या नावे करावा.