स्वागताध्यक्षीय भाषण : विषयपत्रिका कोणाची?

सन्माननीय अध्यक्ष, ग्रामसभांचे प्रतिनिधी आणि गावोगावहून आलेले युवक-युवती यांचे अहिल्यानगर जिल्ह्यात स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे. सहभागींनी स्वतः चालवायच्या सभा, म्हणजे ज्यांत विषय कोणते, त्यांचा क्रम काय आणि बोलायचे किती हे जमलेली माणसेच ठरवतात अशा सभा, हा या परिषदेचा विषय असताना तिची सुरुवात आयोजकांनी आधीच ठरवलेल्या भाषणाने व्हावी, यातील विसंगती समितीच्या ध्यानात असल्यामुळे हे स्वागत आटोपशीर ठेवले आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला आरोग्याचे काम सुरू केले, तेव्हा वेगवेगळ्या जातींचे तरुण एकत्र यावेत म्हणून व्हॉलीबॉलचा आधार घेतला गेला. खेळानंतरच्या बोलण्यातून पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली आणि गावाला दवाखान्याआधी पाणी व अन्न यांची निकड आहे, हे लोकांकडूनच डॉक्टरांना उमगले. हिवरे बाजारमध्ये १९८९ साली तरुणांनी पुढाकार घेऊन पोपटराव पवार यांच्याकडे गावाची धुरा दिली. पडलेला पाऊस आणि त्यावर पेलवतील अशी पिके यांचा मेळ घालणारा पाण्याचा ताळेबंद तेथे ग्रामसभेपुढे मांडला जातो. दोन्हीकडे तरुणांना आमंत्रण मिळाले एवढेच घडले नाही, तर चर्चेला काय घ्यायचे यावर त्यांचा हात राहिला.

एरवी मात्र तरुणांच्या वाट्याला सतरंज्या अंथरणे, माईक लावणे आणि सत्काराचे हार आणणे येते. कायद्याच्या भाषेत ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्यांची सभा. त्यामुळे शाळा सुटल्यावर हंडे वाहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला पाण्याच्या ठरावावर मत नाही. मुलांसाठी वेगळी बालसभा भरवण्याची पद्धत आहे खरी, पण तिथले म्हणणे ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर चढले नाही, तर तो केवळ कौतुकाचा कार्यक्रम ठरतो. तारखांचेही तसेच आहे. २६ जानेवारीला ग्रामसभा भरते तेव्हा पाथर्डी-जामखेडकडची अनेक तरुण जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्यांना पाळी चुकवता येत नाही; त्यांच्या गैरहजेरीला उदासीनता म्हणणे अन्यायाचे आहे. फडावर किंवा कामाची पाळी सुटल्यावर भरलेली छोटी बैठक आणि तिचे लेखी म्हणणे ग्रामसभेत वाचून दाखवण्याचा आग्रह, हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

हॅरिसन ओवेन यांनी १९८० च्या दशकात ‘ओपन स्पेस’ या नावाने रूढ केलेल्या पद्धतीत सभेची सुरुवात कोऱ्या फळ्यापासून होते. ज्याला विषय महत्त्वाचा वाटतो त्याने तो लिहायचा, त्यावरील चर्चेची जबाबदारीही घ्यायची आणि ज्याला रस उरला नाही त्याने उठून दुसऱ्या गटात बसायचे. आपल्याकडे उठून जाणे अपमानाचे मानले जाते, म्हणून ही मुभा आरंभीच जाहीर करावी लागते. परिषदेच्या दुपारच्या सत्रासाठी असाच फळा मंडपाच्या दाराशी ठेवला आहे. पहिला अर्धा तास खडू पंचविशीच्या आतील प्रतिनिधींच्याच हाती राहील आणि व्यासपीठावरील मान्यवर त्या वेळी समोर सतरंजीवर बसतील.